धोंड्याच्या महिन्यात जावयावर पोलीस

आमच्या घरात लग्न असो, बारसं असो की तेरावं, पंगत उठली आणि सुपारीचं ताट फिरायला लागलं की कोणीतरी माझ्याकडं बोट दाखवून नव्या सोयऱ्यांना सांगतंच, "ह्या बरं का त्या काकू. ह्यांनीच जावयावर पोलीस घातले होते." मग ते सोयरे माझ्याकडं असे बघतात, की मी वाढलेलं खाल्लं ते बरं केलं की कसं, अशी शंका त्यांना येत असावी. तेराव्याला सुद्धा सांगतात हो. रडून थकलेली माणसं जरा हसतात, म्हणून मीही आता हरकत घेत नाही. पण सांगणारा दर वेळी गोष्ट वाढवतो. एकदा तर मी जावयाला बेड्या घालून घरी आणलं होतं. तेव्हा खरं काय झालं ते मीच एकदा लिहून ठेवते. फजिती माझी त्यातही आहेच, पण निदान माझ्या मापाची आहे.

मागं श्रावण दोनदा आला होता, त्यातल्या पहिल्या, अधिक श्रावणातली गोष्ट. अधिक महिन्याला आमच्याकडं धोंड्याचा महिना म्हणतात. तीन वर्षांतून एकदा येतो. त्या महिन्यात लेकीला आणि जावयाला घरी बोलवायचं आणि जावयाला धोंडे खाऊ घालायचे. धोंडे म्हणजे कणकेत पुरण भरून वाफवलेले उंडे. फोडायचे आणि वर तूप ओतायचं, हात दुखेपर्यंत. शिवाय तांब्याच्या ताटात तेहतीस अनारसे, त्यावर दिवा, असं वाण द्यायचं. त्या दिवशी जावई हा माणूस राहत नाही, नारायण होतो. नारायण व्हायला कोणाची ना नसते, पण नारायणाला 'आता पुरे' म्हणायची सोय नसते.

हा जावई म्हणजे माझ्या पुतणीचा नवरा. पुतणी माझ्या थोरल्या जावेची लेक, पण शाळेसाठी सात वर्षं परभणीला आमच्याकडं राहिलेली. तिच्या डोक्यातल्या उवा मी काढलेल्या आहेत, म्हणजे निम्मी माझीच. जावई परभणीतच गणित शिकवतो. उंच, शांत, आणि इतका सभ्य, की रिकाम्या खोलीत शिरतानाही चप्पल हळू काढतो. तीन प्रश्न विचारले तर एकाचं उत्तर देतो, पण ते बरोबर असतं. लग्नाला दोन वर्षं झालेली, घरात नऊ महिन्यांचं लेकरू, आणि हा त्यांचा पहिलाच धोंडा.

आमचं गाव देवगाव फाट्यापासून अकरा किलोमीटर आत आहे. आम्ही नवराबायको सकाळीच परभणीहून गेलो होतो, वाढायला आणि मिरवायला. जेवणाआधी माझे एक चुलत दीर जावयाला 'वावर दाखवायला' घेऊन गेले. आता ह्या चुलत दिरांनी कोणा पाहुण्याला वावर दाखवायला नेलं, की आमच्या घरातल्या बायका एकमेकींकडं बघतात. कारण बरेच पाहुणे वावर न बघताच परत आलेले आहेत, आणि ते फार खुशीत आलेले आहेत. जावई दीड तासानं परतला तो लाल डोळे घेऊन. जाऊबाईंनी माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं बघितलं. पण नारायणाचं तोंड हुंगायला जाणार कोण?

मग पंगत. जावयानं चार धोंडे खाल्ले आणि ताटावर हात आडवा धरला. आमच्याकडं आडव्या हाताचा अर्थ 'मला आग्रह करा' असा घेतात. जाऊबाईंनी दोन वाढले. थोरल्या दिरांनी एक. शेजारच्या आजीबाई काठी टेकत आल्या, "माझ्या हातचा एक." मग आणखी तिघींनी एकेक. मी तर तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागंच उभी होते. त्याचा धोंडा कोरडा दिसला की धार. तो "काकू, काकू" म्हणत होता, मला वाटत होतं मायेनं म्हणतोय.

तीन वाजता त्यांची गाडी निघाली. जावई चालवायला, पुतणी लेकराला घेऊन मागच्या सीटवर, शेजारच्या सीटवर वाणाचं ताट. दोनच मिनिटांनी कळलं, पुतणीचा फोन माजघरात चार्जिंगला तसाच. आम्हीही परभणीलाच निघणार होतो. म्हटलं, चला, मागोमाग जाऊन देऊन टाकू.

आमचे हे गाडी चाळीसच्या वर नेत नाहीत. त्यांनी आजवर रस्त्यावर कोणाला गाठलेलं नाही. बैलगाडीला गाठलं तरी तिची परवानगी मागतात. त्या दिवशी त्यांनी जावयाची गाडी तिसऱ्या किलोमीटरला गाठली. तिथंच मला कळायला हवं होतं की काहीतरी बिघडलंय.

पुढची पांढरी गाडी रस्त्याच्या मधून चालली होती. मग हळूहळू, कोणी हाक मारल्यासारखी, डावीकडं सरकली. चाक मुरमावर गेलं, धूळ उडाली, आणि गाडी दचकून पुन्हा मधे आली. मग उजवीकडं. समोरून एक मोटारसायकलवाला येत होता, तो सरळ सोयाबीनमधे उतरला आणि तिथूनच ओरडला. ते काय होतं ते आमच्या काचा बंद असल्यामुळं ऐकू आलं नाही, पण हातवाऱ्यांवरून त्यात जावयाच्या आईचा उल्लेख असावा.

"ह्यो असा कामून चालवायलाय?" हे म्हणाले.

"वावर बघून आलाय," मी म्हणाले.

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. पुढं बकऱ्यांचा कळप होता. गाडी कळपाजवळ गेली तरी वेग कमी होईना, आणि अगदी शेवटी कचकन ब्रेक लागला. बकऱ्या चहूकडं पळाल्या. गाडीच्या मागच्या काचेतून पुतणीचं डोकं दिसत होतं, एका बाजूला कललेलं. झोपली होती. नऊ महिन्यांच्या लेकराची आई, गाडी हलली की लेकराआधी तीच झोपते. मांडीवर ते लेकरू. आणि ह्या छोट्या रस्त्याच्या टोकाला देवगाव फाटा, जिथं मोठ्या रस्त्यावरचे कंटेनर कोणासाठी थांबत नाहीत, नारायणासाठी तर नाहीच. फाटा यायच्या आत ही गाडी थांबायला पाहिजे, एवढं एकच मला कळत होतं. बाकी मी जे जे केलं ते सगळं चुकीचं केलं. सांगते.

पहिलं म्हणजे मी ह्यांना हॉर्न वाजवायला लावला. जावयानं आरशात बघितलं, आम्ही दिसलो. थोरली माणसं मागून आली आणि हॉर्न देतायत, म्हणजे निरोप घेतायत, असं त्याला वाटलं. त्यानं स्टिअरिंग सोडलं आणि दोन्ही हात जोडून आरशात नमस्कार केला.

"आरं देवा!" हे म्हणाले. "आता पुन्हा वाजवायला सांगू नको मला."

"तुमीच वाजवलात."

"तू सांगितलंस म्हणून."

दुसरं, मी ह्यांना म्हणाले, पुढं काढा आणि आडवी लावा. सिनेमात लावतात तशी. ह्यांनी बिचाऱ्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पन्नासचा आकडा बघितला. पण आम्ही बाजूला येतोय हे बघून जावई मान द्यायला इतका डावीकडं सरला, की त्याचं चाक नालीच्या काठावरून गेलं. आम्ही घाबरून मागं झालो. त्या माणसाच्या सभ्यतेनंच आज तिघं जातील, असं मला वाटायला लागलं.

तिसरं, मी जावयाला फोन लावला. त्यानं उचलला! कानाला लावला, मान वाकडी केली आणि गाडी पुन्हा रस्ताभर.

"हां, काकू."

"अहो, गाडी हळू चालवा, बाजूला घ्या..."

"हो काकू. तुम्हीपण सावकाश या." आणि ठेवला. आवाज जड, शब्द ओले झाल्यासारखे. माझी खात्रीच पटली.

आणि चौथी चूक, जी फक्त आमच्याच घरात होऊ शकते. मी गावी जाऊबाईंना फोन करून सांगितलं.

"जावई पिऊन चालवायलाय, ताई. गाडी लय हेलकावे खायलीय."

"काहीबाही बोलू नको गं. अधिक महिन्यात कोण पितं?"

"आता काय करू? एकशे बाराला फोन लावते."

"पोलिसाला?" जाऊबाईंचा आवाज असा झाला की जणू मी जावयाला कसायाकडं देतेय. "आगं, नारायण म्हणून ओवाळलं त्याला आत्ता दुपारी! त्याच्या आईला कळलं तर माझ्या लेकीला जन्मभर ऐकवील ती. न्हाई, न्हाई. तू गुमान बस. आमी समजावतो त्याला."

'आमी समजावतो' म्हणजे काय ते मला एका मिनिटात दिसलं. पुढच्या गाडीत जावयाचा हात कानाला गेला. थोरले दीर असणार. गाडी उजवीकडं. हात खाली आला, गाडी सरळ. पुन्हा हात कानाला. चुलत दीर. गाडी डावीकडं. पुन्हा हात. जाऊबाई स्वतः. अख्खं घर एकामागून एक त्याला फोन करून सांगत होतं, की गाडी नीट चालवा. आणि तो, सासरच्या माणसाचा फोन कट कसा करायचा म्हणून, प्रत्येकाचा उचलत होता. कोण किती वेळ बोललं, हे मला मागून गाडीच्या चालीवरून कळत होतं. शेजारच्या आजीबाईंकडं फोन नाही, हे त्या दिवशी आमचं नशीब.

"बास," मी म्हणाले. "लावते मी."

"दिमाग ठिकाणावर हाय का तुझा? घरचा जावई हाय," हे म्हणाले.

"घरचाच हाय म्हणून."

ह्यांनी रेडिओ बंद केला. मग म्हणाले, "स्पीकरवर ठेव. मला बी ऐकू दे काय सांगतीस ते."

एकशे बारा लावला. लगेच एका मुलीचा आवाज आला, स्वच्छ, घाई नसलेला. काय मदत हवी म्हणाली.

"बाई, पोलीस पाठवा. पण जरा चांगले पाठवा."

"काय झालंय मॅडम?"

"आमच्या पुढं एक गाडी चाललीय. चालवणारा प्यालेलाय."

"वाटतंय म्हण, वाटतंय," हे कुजबुजले. "लिहून घेतेत ते."

"वाटतंय," मी म्हणाले.

"त्यांना पिताना तुम्ही बघितलं का?"

इथं मी अडकले. पिताना कोणी बघितलं होतं? लाल डोळे बघितले होते, आणि चुलत दिरांचा पूर्वेतिहास माहीत होता. मी म्हणाले, "न्हाई बघितलं. मग फोन करायचा नव्हता का?"

"करायचा होता, मॅडम. पिलेत का नाही ते पोलीस बघतील. तुम्ही फक्त डोळ्यांनी काय बघितलं तेवढं सांगा."

एवढं सोपं होतं ते. मी मघापासून न्यायाधीश होऊन बसले होते, आणि ती मला नुसती साक्षीदार हो म्हणत होती. मी सगळं सांगितलं. नाली सांगितली, मोटारसायकलवाला सांगितला, बकऱ्या सांगितल्या. बकऱ्या किती ते तिनं विचारलं नव्हतं, तेही सांगितलं.

"गाडी कोणती? रंग?"

"पांढरी." परभणी जिल्ह्यात हे सांगणं म्हणजे आकाश निळं आहे म्हणून सांगण्यासारखं. म्हणून मग नंबर वाचून दाखवला. एमएच बावीस, आणि पुढचे आकडे, दोनदा.

"चालवणारे कसे दिसतात?"

"उंच आहेत. निर्व्यसनी आहेत. म्हणजे होते. एम.एस्सी. फर्स्ट क्लास, गणित शिकवतात, आवाज चढवून बोलत नाहीत कोणाशी..."

"मॅडम, तुम्ही ओळखता त्यांना?"

ह्यांनी कपाळाला हात लावला. मी म्हणाले, "आमचे जावई आहेत."

पलीकडं टाईप करायचा आवाज थांबला.

"आज धोंड्याचं जेवण होतं," मी म्हणाले.

"अच्छा," ती म्हणाली. त्या एका 'अच्छा'त कळलं, की तिच्याही घरी जावई असणार.

"धरा त्यांना, पण अपमान करू नका, बाई. पहिलाच धोंडा आहे."

"गाडीत अजून कोण आहे?"

"माझी पुतणी. अन् तिचं नऊ महिन्यांचं लेकरू."

त्यानंतर ती हसली नाही. "तुम्ही आत्ता नेमक्या कुठं आहात?" असं झरकन विचारलं.

"दत्ताचं मंदिर गेलं मागं. आता आमच्या चुलत सासऱ्यांचं वावर लागेल बघा, आता विकलं त्यांनी, त्याच्या पुढं लिंबाचं झाड होतं पहिलं..."

"मॅडम, किलोमीटरचा दगड दिसतोय का?"

मी त्या रस्त्यावरून पंचवीस वर्षं जातेय. कोणाचं वावर कुठं, कोणाची विहीर कुठं, कोणाची सोयरीक कुठं मोडली, हे मला ठाऊक आहे. तिथं दगड आहेत हे मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. 'देवगाव फाटा ५', असं होतं त्यावर.

"पाच! फाट्याकडंच चाललीय गाडी."

"फाट्यावर आमची गाडी आहे, ती तुमच्या दिशेनं निघतेय. फोन चालू ठेवा. तुम्ही स्वतः चालवताय का?"

"न्हाई, आमचे हे चालवायलेत. चाळीसच्या वर जात न्हाईत."

"चांगलंय. अंतर ठेवा. ओव्हरटेक करू नका, आडवं जाऊ नका, हॉर्न वाजवू नका, आणि त्यांना फोन तर करूच नका."

मी केलेल्या कामांची यादीच तिनं मला वाचून दाखवली. हे गालात हसले, मघापासून पहिल्यांदाच. मी त्यांच्या खिशातून त्यांचा फोन काढला आणि थोरल्या दिरांना लावला. पंचवीस वर्षांत मी त्यांच्यासमोर पदर खाली येऊ दिलेला नाही, आवाज तर सोडाच.

"भाऊजी," मी म्हणाले, "आता घरातल्या कोणी बी जावयाला फोन लावला ना, तर मी तुमचं पण नाव पोलिसाला सांगेन."

पलीकडं दीर नुसतं "हां, हां" म्हणाले. मला वाटतं, पोलिसांपेक्षा ते मलाच जास्त घाबरले.

नंतरची ती पाच-सहा मिनिटं मी विनोदानं लिहू शकत नाही, म्हणून थोडक्यात सांगते. गाडी सरकायची, सावरायची. तिच्या मागच्या काचेतलं ते कललेलं डोकं मी बघत होते. फोनवरची मुलगी मधूनमधून "आहात ना मॅडम?" म्हणायची आणि मी दगड वाचायची. चार. तीन. आणि मग समोरून, एका पुलाजवळ, निळा दिवा लावलेली गाडी येताना दिसली. ती रस्त्यात आडवी थांबली, एकजण उतरून हात वर करून उभा राहिला. क्षणभर मला वाटलं, जावयाला तो दिसलाच नाही. मग ब्रेक लागला. गाडी थांबली, आणि त्या धन्य माणसानं इंडिकेटर देऊन ती बाजूला घेतली.

आम्ही मागं थांबलो. मी उतरले. तो हवालदार वयानं मोठा, मिशा पिकलेल्या. त्यानं काचेवर टकटक केलं, वाकला, आणि म्हणाला, "जावईबापू, जरा खाली उतरता का?"

जावई उतरला. आधी हवालदाराकडं बघितलं, मग मागं वळून माझ्याकडं. गणिताचा माणूस. अख्ख्या जगात त्याला 'जावईबापू' कोण कोण म्हणू शकतं आणि त्यातलं पोलिसाला कोण कोण फोन करू शकतं, हा हिशेब त्यानं तिथंच उभ्या उभ्या केला. मी रस्त्यापलीकडच्या कापसाकडं बघायला लागले. कापूस चांगला होता त्या साली.

"काही अपमान समजू नका," हवालदार म्हणाला. "बाईंनी बजावून सांगितलंय. गुणी हायत म्हणल्या. एम.एस्सी. फर्स्ट क्लास हायत म्हणल्या. जरा ह्यात फुका."

जावयानं मशीनमधे फुंकलं. हवालदारानं मशीन बघितलं, हलवलं, पुन्हा फुंकायला लावलं. शून्य. तिसऱ्यांदा फुंकताना जावई शिंकला. तरी शून्यच.

"थेंब न्हाई," हवालदार म्हणाला, आणि माझ्याकडं बघितलं. ही पहिली वेळ.

माझं तोंड असं झालं, की काय सांगू. हे माझ्यापासून दोन पावलं बाजूला सरकले.

"मग हे डोळे असे कशानं? काय जेवलात?"

"धोंडे," जावई म्हणाला.

"किती?"

"अकरा. आणि एक काकूंच्या हातचा. बारा."

हवालदारानं टोपी काढली, डोकं पुसलं. "तूप?"

"तुपाचं काही सांगता येणार नाही. ते मागून येत होतं."

"गोळी-बिळी काही घेतली का?"

आणि जावयानं पुन्हा माझ्याकडं बघितलं. आता एक गोष्ट मी मघाशी सांगितली नाही. विसरले म्हणा की लपवली म्हणा. तो वावरातून लाल डोळे घेऊन आला, तो शिंकतच आला होता. शेजारच्या वावरात फवारणी चालू होती म्हणे. मला दया आली. माझ्या पर्समधे सर्दीच्या गोळ्या असतात. एक घेतली की मी स्वतः दुपारभर घोरत पडते. त्या मी त्याला जेवणाआधी दिल्या. दिल्या म्हणजे दोन दिल्या. माणूस उंच आहे म्हणून.

हे मी हवालदाराला सांगितलं. त्यानं माझ्याकडं दुसऱ्यांदा बघितलं.

"म्हणजे बाई," तो सावकाश म्हणाला, "गोळी तुमीच दिली, तूप तुमीच ओतलं, अन् फोन बी तुमीच केला."

"हो," मी म्हणाले.

एव्हाना पुतणी जागी होऊन, लेकराला खांद्यावर टाकून खाली आली होती. डोळे चोळत म्हणाली, "काय झालं? कोण मेलं?"

"कोणी न्हाई," हवालदार म्हणाला. "ह्यांना गाडीत झोप लागायली होती. दारू असती तर मी केस केली असती. पण ताई, खड्ड्यात गेल्यावर खड्डा काय इचारत न्हाई, पिऊन आलात का जेवून आलात. आता ह्यांना चालवू देऊ नका. दुसरं कोणी चालवणारं हाय का?"

"मी चालवते की," पुतणी म्हणाली. "निघतानाच म्हणलं होतं मी. हे शिंकायलेत, मी चालवते म्हणलं. काकूच म्हणाली, मानाच्या दिवशी बाईनं चालवायचं अन् जावयानं लेकरू घेऊन मागं बसायचं, गावातले लोक काय म्हणतील."

हवालदारानं माझ्याकडं तिसऱ्यांदा बघितलं. मग मशीन पेटीत ठेवलं. नुसता जाताजाता म्हणाला, "फोन केला ते मात्र लय चांगलं केलं. लोक करत न्हाईत. सोयऱ्याचा तर कोणीच करत न्हाई." माझ्या आयुष्यात मला मिळालेलं हे एकमेव सरकारी प्रशस्तिपत्र, आणि ते ह्यांनी ऐकलं नाही, कारण ते तेव्हा पुलावरून खाली थुंकत होते.

जावई मागच्या सीटवर लेकराला घेऊन बसला आणि आम्ही फाट्याला लागायच्या आत झोपला. पुढची गाडी तिथून परभणीपर्यंत अशी सरळ गेली, की हे दोनदा म्हणाले, "पोरगी लय बेस चालवती." तिच्या मागं मागं जाताना मी मात्र एकच विचार करत होते. आता जावई ह्याच्यापुढं आमच्या घरचं पाणी तरी पिईल का?

परभणीत त्यांच्या दारात गाड्या थांबल्या. मी पुतणीचा फोन दिला. जावई उतरला, डोळे चांगले ताजे झालेले. आमच्या खिडकीशी आला, वाकला.

"काकू."

"हां, बोला."

"फर्स्ट क्लास नव्हता मला. हायर सेकंड होता. पोलिसांच्या रेकॉर्डला चुकीचं गेलं असेल, तेवढं बघा." एवढं म्हणून तो वाणाचं ताट घ्यायला गेला. जाताना त्याच्या पाठीकडं बघून मला कळेना, की तो रागावलाय की हसतोय. मग त्याचे खांदे हलताना दिसले.

संध्याकाळी मी गावी फोन लावला. लावायचा धीर होईना, पण ते माझ्याआधी दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर आणखी वाईट. जाऊबाईंनी उचलला. मी सगळं सांगितलं. गोळ्यांपासून. तिनं मधे एकदाही तोडलं नाही, आणि ती न तोडता ऐकते तेव्हा मला भीती वाटते.

"पोलीस त्याला काही वेडंवाकडं बोलले का?"

"न्हाई ताई. जावईबापू म्हणले."

"त्याच्या आईला कळलं का?"

"जावई म्हणाला, सांगणार न्हाई म्हणून."

पलीकडं गोठ्यात भांड्याचा आवाज आला. मला वाटलं, फोन ठेवून निघून गेली.

"फाटा किती राहिला होता गं?" तिनं विचारलं.

"दोन किलोमीटर."

"दोन." मग नाक ओढल्याचा आवाज, आणि एकदम नेहमीचा करडा सूर. "बरं केलंस. मी न्हाई म्हणलं तरी केलंस, बरं केलंस. पोरगी नीट हाय?"

"नीट हाय."

"लेकरू?"

"खेळायलंय."

"अन् जावई?" जाऊबाईंनी आवाज खाली केला. "रात्रीला काही जेवायला कर म्हणावं तिला. दुपारी कायच खाल्लं न्हाई गं त्यानं. लाजत होता."